कोपऱ्यावरच्या पबचं दार

मुलीकडे सिंगापूरला जाताना बायकोनं बॅगेत भाजणी, मेतकूट आणि लोणच्याची बरणी भरली. मी हातातल्या पिशवीत माझी स्टीलची मोजपट्टी टाकली. विमानतळावर तपासणी करणाऱ्या माणसाला लोणच्याचं काही वाटलं नाही, पण मोजपट्टी त्यानं बाहेर काढली आणि कशासाठी म्हणून विचारलं. एक दार मोजायचंय, असं मी सांगितलं. कुणाच्या घराचं? घराचं नाही, दारूच्या दुकानाचं. त्यानं माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं आणि दोन्ही निरुपद्रवी ठरवून मला पुढे सोडलं.

त्या दारासाठी मी अठ्ठावीस वर्षं थांबलो होतो. मी पोटासाठी प्रदर्शनांचे मांडव आणि स्टॉल उभारतो आणि हौसेपोटी स्पर्धेच्या नाटकांची नेपथ्यं करतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी एक नाटक बसवलं. सिंगापुरातल्या एका पबमध्ये एक म्हातारा साहेब कुणाची तरी वाट पाहत बसतो. शेवटी दार उघडतं, आत कुणीच येत नाही, फक्त संध्याकाळचं ऊन येतं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पडतं. आमच्यातल्या कुणीही सिंगापूर पाहिलं नव्हतं. पबही पाहिला नव्हता, निदान घरी तरी आम्ही तसंच सांगत होतो.

पण विनय तिथे होता. विनय आमचा प्रकाशयोजनाकार. पिवळ्या रंगाच्या दोन छटांवरून अर्धी रात्र वाद घालणारा माणूस. वर्षभरापूर्वी त्याला सिंगापुरात संगणकाची नोकरी लागली होती. त्यानं राणीच्या काळातला एक कोपऱ्यावरचा पब शोधून काढला आणि मला एक लांबलचक पत्र आणि आतल्या दालनाचा एक रंगीत फोटो पाठवला. फोटोत दार उजव्या हाताला होतं. मी फोटो गम लावून पुठ्ठ्यावर चिकटवला, त्याच पुठ्ठ्यावर नेपथ्याचा छोटा नमुना केला आणि मग फळ्या आणि कापडाचा आख्खा पब उभा केला. दार उजव्या हाताला.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी विनय रजा काढून आला. बॅगेत दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद होते. नेपथ्य पाहून तो शांतपणे म्हणाला, "दार उलट्या बाजूला आहे." मी पुठ्ठा त्याच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, "मी लिहिलं होतं तुला."

इथे मी जे केलं त्यावर मी पुढे अठ्ठावीस वर्षं हशा मिळवला. मी फाइलमधून त्याचं पत्र काढलं, तालमीच्या हॉलमध्ये खुर्चीवर चढलो आणि सगळ्यांसमोर ते पहिल्या ओळीपासून वाचलं, विनयच्या आवाजात. त्याचं ते अडखळणं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेणं, सगळं. दाराचा त्यात उल्लेख नव्हता. घरमालकिणीचं मांजर होतं, करपलेला भात होता, आणि एक वाक्य होतं की संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, म्हणून त्या पबच्या एका खोक्यात लिंबाचं सरबत घेऊन बसतो आणि उजेड बघतो. तिथे मी गळा दाटून आणला. मंडळी जमिनीवर लोळायची बाकी राहिली. विनयही हसला.

प्रयोगाला त्याचं ऊन भिंतीतून आलं आणि टोप्या अडकवायच्या खुंटाळ्यावर पडलं. त्यानं सगळे दिवे खऱ्या दाराच्या हिशेबानं आखले होते आणि स्पर्धेत दिवे नव्यानं टांगायला वेळ मिळत नाही. प्रेक्षकांनी खुंटाळ्याला टाळ्या दिल्या. चौथ्या दिवशी विनय परत गेला. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही आणि त्यानं कुठल्याही नाटकाचे दिवे केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

ही गोष्ट मी बारशांना सांगितली, साठीच्या समारंभांना सांगितली, एकदा एका दहाव्यालाही सांगितली आणि तिथेही लोक हसले. प्रत्येक वेळी पत्रासकट, आवाजासकट. शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: एकदा सिंगापूरला जाऊन ते दार मोजून येणार आहे.

आमची इरा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत काम करते आणि सेंगकांगला अकराव्या मजल्यावर राहते. तीन वर्षं झाली तिला. विमानतळावर ती न्यायला आली तेव्हा मला वाटलं होतं, मुलगी बापाच्या गळ्यात पडेल. तिनं आधी माझ्या हातात प्रवासाचं कार्ड दिलं आणि ते कुठे टेकवायचं हे सांगितलं. सेंगकांगला एमआरटीमधून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरून आम्ही दुसऱ्या एका छोट्या गाडीत बसलो. तिला चालक नाही. मी सगळ्यात पुढच्या काचेशी उभा राहिलो आणि दोन स्टेशनं गाडी मीच चालवली. सगळीकडे एकसारख्या उंच इमारती, खाली झाडं, सायकली, लहान मुलं, आणि प्रत्येक इमारतीवर लांबूनही वाचता येईल एवढा मोठा नंबर. नेपथ्यकाराच्या नजरेनं सांगतो, एवढा मोठा सेट आणि एकही कापड सुरकुतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाड्या एका छपराखाली मांडलेली जागा) गेलो. घामानं निथळत होतो. एका टेबलावर कागदी रुमालांचं कोरं पाकीट होतं. सरकारनं नागरिकांसाठी केवढी सोय केली आहे, या कौतुकानं मी ते फोडलं, तोंड पुसलं, मान पुसली आणि तिथेच बसलो. तेवढ्यात थाळी घेऊन एक तरुण मुलगी आली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिच्या पलंगावर झोपलो होतो. संध्याकाळी इरानं डोक्याला हात लावला. याला इथे चोप करणं म्हणतात (जागा धरून ठेवणं). पाकीट ठेवलं की खुर्ची आपली, कुणी तिला हात लावत नाही. आमच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. फरक इतकाच की आमच्याकडे त्या रुमालावर बसतात.

मी जेवताना पबचा विषय काढला तेव्हा इरा उठून ताटं उचलायला लागली. लहानपणापासून तिनं ती गोष्ट शंभरदा ऐकली आहे, कंटाळली असेल, असं मला वाटलं. बुधवारी ऑफिस सुटल्यावर सहा वाजता पबच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरलं. मी पाचलाच पोचलो.

आता मला जरा सावकाश सांगू द्या, कारण असं दार मी आयुष्यात पुन्हा पाहणार नाही.

शहराच्या जुन्या भागात दोन रस्ते काटकोनात मिळतात. त्यातला एक सरळ पश्चिमेला जातो. तिथे ही दुमजली इमारत आहे. वडीचा कोपरा सुरीनं कापावा तसा तिचा कोपरा कापलेला आहे आणि त्या कापात मुख्य दार, म्हणजे दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्याला ते आपल्याचकडे तोंड करून आहे असं वाटावं. दारावर अर्धगोल रंगीत काच. दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाचे बारीक खांब, विलायतेहून बोटीनं आले असावेत. तळाशी कारखान्याचं नाव आहे, पण रंगाच्या इतक्या थरांखाली बुजलंय की बोटांनी चाचपलं तरी अक्षर लागत नाही. खिडक्यांना लाकडी झडपा आणि आढ्याजवळ हवा जायला झरोके. इंग्लंडच्या थंडीसाठी बेतलेला कोट कुणीतरी इथल्या उन्हात बाह्या कापून घातला आहे, असा सगळा प्रकार.

सर्वांत आवडलं ते वरचं चुन्याचं नक्षीकाम. इंग्रजी पबवर द्राक्षांचे घोस असतात म्हणे. इथल्या गवंड्यानं द्राक्षं पाहिलेली नसावीत. त्याला फळांचा घोस करायला सांगितला आणि त्यानं रामबुतान (लिचीसारखं केसाळ फळ) लावले. प्रत्येक फळाला केस कोरले आहेत, एकही सोडलेला नाही. मी खाली उभा राहून त्या न पाहिलेल्या गवंड्याला नमस्कार केला. न पाहिलेली वस्तू करून दाखवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

दुकानांपुढे छपराखालून जाणारी जी वाट असते तिला इथे पाच फुटी म्हणतात. मोजपट्टी लावली, सव्वासहा भरली. मी लगेच मनात टिपून घेतलं: या गावात मापं लोकांच्या बोलण्यावरून घ्यायची नाहीत. कोपऱ्यावरचं दार बंद होतं. पाटी होती की ते सहाला उघडतं. पण पाच फुटीनं पुढे गेलो तर आणखी दोन अरुंद दारं लागली आणि त्यातलं पहिलं उघडं होतं.

आत एक खोकं. दुसरा शब्द नाही. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद, डाव्या-उजव्या अंगाला लाकडी भिंती, समोर काउंटरचा एक तुकडा आणि एक उंच स्टूल. काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला दुधी काचांची रांग. प्रत्येक काच वीतभर, वेलबुट्टी कोरलेली, खिळीवर फिरणारी. काउंटरपलीकडून साठीच्या घरातली एक बाई वाकून काचांखालून बोलली. या पबच्या मालकीणबाई, लिम आँटी. मी सरबत मागितलं आणि या काचा कशासाठी म्हणून विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी कोपऱ्यावरचं दार साहेबांचं, हे मधलं दार कारकुनांचं आणि पलीकडचं बोटीवरच्या खलाशांचं. काउंटर एकच, दारू एकच, पण कारकुनाला आपला साहेब पिताना दिसू नये आणि साहेबाला आपला कारकून. म्हणून या काचा. हवं तर एक फिरवायची, ग्लास घ्यायचा, परत लावायची. तीन जातींच्या तीन पंगती एकाच आचाऱ्याकडून वाढून घेण्याची ही तऱ्हा मला अजिबात परकी वाटली नाही.

"या बॉक्समध्ये आता कुणी बसत नाही," आँटी म्हणाल्या. "सगळ्यांना मोठ्या रूममध्ये बसायचं असतं ला."

वाक्याच्या शेवटी हा 'ला' लावायची इथली पद्धत आहे. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या. मी एक काच जराशी तिरपी फिरवली, फटीतून पाहिलं आणि माझ्या हातातलं सरबत सांडलं.

फोटो. अठ्ठावीस वर्षं माझ्या माळ्यावर पडलेला तो फोटो माझ्यासमोर जसाच्या तसा उभा होता. तेच दालन, तेच गोल टेबल, तीच फरशी. उजव्या हाताला कोपऱ्यावरचं दार, त्यावर रंगीत काच, आणि काचेच्या वर आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं घड्याळ. फोटोतल्या घड्याळात सहाला दहा कमी होते. आताही सहाला दहा कमी होते. एवढंच की फोटोत दार उघडं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी ते उघडलं. ऊन आत आलं.

उजव्या हाताला. मी म्हणत होतो तिथे.

माझ्या अंगात काय संचारलं ते सांगता येत नाही. मी मोबाइल त्या फटीला लावून फोटो काढला. आमच्या नाटकवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. बावीस जण. विनयही त्यात आहे, कुणीतरी त्याला घातलंय, तो कधी अवाक्षर लिहीत नाही. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "दार उजवीकडेच. विन्या हरला." क्षणात हसरे चेहरे येऊ लागले. एकानं लिहिलं, पत्र होऊन जाऊ द्या. मी तिथल्या तिथे, त्या खोक्यात, पत्रातली सरबताची ओळ आवाज काढून बोललो आणि ते रेकॉर्डिंगही पाठवलं.

तेवढ्यात इराचा फोन. "बाबा, कुठे आहेस? मी कोपऱ्यावर उभी आहे. सहा वाजून दहा झाले."

"अगं, दहा कमी आहेत सहाला. घड्याळ समोर आहे माझ्या."

बोलताना मी फटीतून घड्याळाकडे बोट करत होतो. लिम आँटींनी ते पाहिलं असावं, कारण त्या वाकल्या, माझ्या फटीतून पाहिलं आणि अंगठा माझ्या खांद्यामागे दाखवला. "अंकल, ते घड्याळ नाही. तो आरसा आहे. घड्याळ तुमच्या मागे आहे, त्या रूममध्ये."

मला कळेना. त्या मला आतल्या, खोकी जोडणाऱ्या छोट्या दारातून मोठ्या दालनात घेऊन गेल्या. काउंटरमागची आख्खी भिंत आरसा होती. मी खोक्यातून तिरपा त्या आरशात पाहत होतो. आरशाकडे पाठ केली. दार डाव्या हाताला होतं. वर घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. डावीकडून ऊन येत होतं, रंगीत काचेतून, फरशीवरून लांब, आणि बरोबर त्या गोल टेबलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं. विनयनं आखलं होतं तसं.

"त्या बॉक्समध्ये फक्त एकच माणूस बसतो," आँटी म्हणाल्या. "दर शुक्रवारी. लाइम ज्यूस. तुमच्यासारखाच इंडियन. मिस्टर विनय. खूप जुना ला, माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. विचारलं तर म्हणतो, लाइट बघतो."

दारात इरा उभी होती. मी मोबाइल काढला आणि पाठवलेलं पुसायला लागलो. फोटो पुसला, ओळ पुसली, रेकॉर्डिंग पुसलं. पण तोपर्यंत आठ-दहा जणांनी ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्या टाळ्या माझ्या हातात नव्हत्या.

इराबरोबर परतीची गाडी धरली. सेंगकांगच्या जरा आधी गटावर एक नवा संदेश आला. विनयचा, गेल्या कित्येक वर्षांतला पहिला.

"फोटो छान होता. आरशातून काढलेला दिसतो."

मी मोबाइल इराच्या हातात दिला. तिनं वाचलं आणि खिडकीबाहेर पाहत सांगितलं की विनयकाका तिच्यापासून चार इमारती सोडून राहतात. पहिल्या महिन्यात तिला घर मिळत नव्हतं तेव्हा मराठी मंडळातून कुणीतरी त्यांचा नंबर दिला. ते तिच्याबरोबर सहा घरं पाहत फिरले. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे पाहून पाच त्यांनीच नाकारली. आडनावावरून त्यांनी ओळखलं होतं, पण माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"मला सांगितलं नाहीस तीन वर्षांत?"

"तू त्याची गोष्ट केली असतीस, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच फोन केला आणि भेट ठरवली. विनयच्या इमारतीखालच्या कोपीटियममध्ये (चहा-कॉफीचं हॉटेल). मी पोचलो तर खांबाला टेकून एक टक्कल पडलेला, अर्ध्या चड्डीतला माणूस बसला होता. समोरच्या खुर्चीवर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलेलं होतं. मी जवळ गेल्यावर त्यानं ते उचलून खिशात टाकलं.

"जाड झालास, शऱ्या."

"तू आहेस तसाच आहेस."

"झाली सुरुवात खोटं बोलायला. बस. नको, इकडे सरक, तिथे तुझ्या अर्ध्या तोंडावर अंधार येतोय."

मी रात्रभर मनात भाषण रचलं होतं. तालीमही केली होती. कोपीचा (दाट दूध घातलेली इथली कॉफी) पहिला घोट घेतला आणि सुरू झालो, हात पसरून, आवाज खोल नेऊन, की आज एक गुन्हेगार तुझ्या दारात उभा आहे. विनयनं कप खाली ठेवला.

"आवाज काढू नकोस. साधं बोल."

साधं बोलायला मला बराच वेळ लागला. शेवटी म्हणालो, "दार डावीकडे होतं. मी चुकलो."

"दाराचं काय रे. स्पर्धेत दारं उलटी लागतातच."

"तू नीट सांगितलं का नाहीस तेव्हा? दुसऱ्यांदा सांगायचंस."

"तू वाचत होतास ना. मध्ये कोण बोलणार?" त्यानं चमचा कपात दोनदा फिरवला. "फार छान वाचलंस तू. अगदी माझ्यासारखं. मलाच हसू आलं. ते लागलं."

मग विनयनं इराचं कौतुक केलं, आपल्या मुलाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मी मात्र 'ते लागलं' यापाशीच अडकून बसलो होतो. उठायच्या आधी त्यानं विचारलं, "ते पत्र आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे ना. फाइलमध्ये."

"आईला लिहिलेली सगळी रद्दीत गेली. पहिल्या वर्षी मी इथे कसा होतो, मला आता काही आठवत नाही. नुसतं एवढंच आठवतं की लिहायचो. तेवढं एकच राहिलं असेल. पाठव मला. एकदा माझ्या आवाजात वाचून बघतो."

मी हो म्हणालो. दोनदा म्हणालो. विमानतळावर पुन्हा मोजपट्टी बाहेर काढली गेली. दार मोजलं का, असं कुणी विचारलं नाही. मोजलं नव्हतंच.

घरी आल्यावर बॅग न उघडता मी माळ्यावर चढलो. फाइल सापडली. त्यात लाकडाची बिलं होती, चार नाटकांचे आराखडे होते, पत्र नव्हतं. दुसऱ्या फायली काढल्या, पेट्या काढल्या. बायको खालून विचारत राहिली. मग आठवलं. किती वर्षं झाली, मला कागद लागतच नव्हता, सगळं पाठ होतं. शेवटचा तो एका साठीच्या समारंभात बाहेर काढला होता, लोकांना अक्षर पाहायचं होतं म्हणून. टेबलाटेबलावरून फिरला. परत घ्यायचं मला सुचलं नाही, कारण मी पुढच्या गोष्टीला सुरुवात केली होती.

तो पुठ्ठा मात्र होता. किटलीच्या वाफेवर धरून मी फोटो हळूहळू सोडवला. गम पिवळा पडला होता, पण सुटला. मागे विनयच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"आरशातून काढलाय, समोरून सगळं मावत नव्हतं. दार डावीकडे धर. बाकी उजेड मी आणतो."

मी त्यावर गम लावला होता.

रात्रीचं जेवण झाल्यावर टेबलाशी बसलो आणि पत्र आठवून लिहायला घेतलं. पाठच होतं. सरसर सात पानं झाली. मग ती वाचायला लागलो आणि पहिल्याच पानावर थांबलो. घरमालकिणीच्या मांजरानं चष्मा पळवला, हे विनयनं लिहिलं होतं की मी मागे एका बारशात घातलं? करपलेला भात त्याचा, पण तो भात पाहून रडणारी शेजारीण कुणाची? ज्या ज्या वाक्याला हशा यायचा त्याची मला शंका येऊ लागली. एकेक खोडत गेलो. खुर्चीवर उभं राहून जे वाचलं होतं त्यातलं किती कागदावर होतं, हे सांगू शकणारा कागद आता कुठे असेल कोण जाणे.

शेवटी चार ओळी उरल्या. त्यांना कुणी कधी हसलं नव्हतं, म्हणून त्या त्याच्याच असाव्यात. पाऊस रोज येतो आणि रोज थांबतो. ऑफिसातली माणसं चांगली आहेत. आईला सांग, भात जमतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला इथलं ऊन बघायला तू हवा होतास.

सरबताची ओळ मी खोडली. ती त्याची होती हे पक्कं माहीत होतं, पण तिला माझाच आवाज येत होता.

त्या चार ओळी कोऱ्या कागदावर उतरवल्या, फोटोबरोबर पाकिटात घातल्या आणि सकाळी टपालात टाकल्या. बंद करण्याआधी मी त्या मोठ्यानं वाचून पाहिल्या नाहीत.